बुशानं झिजायचं

दुबलगुंडीजवळची वाडी
१४ ऑक्टोबर २०२४

व्यंकट,

वर काय लिहू? प्रिय लिहिलं तर तू हसशील, चिरंजीव लिहिलं तर मलाच हसू येईल. परवा दसऱ्याला भट्टीवरच्या राघोबाच्या फोनवरून तुला लावला, तर माझा आवाज ऐकून तू 'अक्का' म्हणायच्या आत कट केलास. म्हणून हे पत्र. पत्र कट करता येत न्हाई, फार तर फाडता येतं. फाडायचं तर फाड, पण आधी पार्सल उघड.

आत फडक्यात गुंडाळलेली ब्रॉन्झची कांडी हाय. अप्पानं ओतलीय. व्हय, अप्पानंच. त्या चैत्रापासून भट्टीकडं पाठ करून बसलेला माणूस दसऱ्याची पूजा झाली आणि उठून मुशीपुढं बसला. एरवीचं काम मी आणि राघोबा बघतो. उसाच्या चरकाचे बुश ओततो, पंपाचे ओततो, चाललंय. उदगीरच्या सासरहून परत आले तवा तुमी सगळे म्हणलात, बाईमाणूस भट्टीवर काय करणार. आता बघायला ये.

ही कांडी मात्र रथासाठी हाय. हणमंतप्पा आला होता. जत्रेचा पंच तोच हाय अजून, गुडघे गेले तरी पंचकी सोडत न्हाई. म्हणला, "किशनराव, हणमप्पा देवाचा रथ पत्र्याखाली उभा हाय, लाकडाला वाळवी लागायलीय. औंदा हणमजयंतीला ओढायचं ठरलंय. चाकाच्या तुंब्यात आसाभोवती बसणारे बुश तुमच्याच हातचे पाहिजेत."

अप्पा म्हणले, "ओततो. पण धातू व्यंकट तपासणार. त्यानं ठीक म्हणलं तरच."

हणमंतप्पा म्हणला, सोलापुरात लॅब हाय, तिथला कागद आणून देतो. अप्पा म्हणले, "आण. त्यात पेढे बांधून गावाला वाट."

तर असं हाय. हैदराबादेत तू जगाचा धातू तपासतोस, बापाची एक कांडी तपास.

मला माहीत हाय तू कामून गप्प हाईस. त्या जत्रेत वेशीजवळच्या वळणावर डाव्या चाकाचा बुश फुटला, चाक आसावर धरलं, रथ कलला आणि आरतीचं ताट घेऊन उभी असलेली आपली विजू त्याखाली गेली. तुझी बायको गेली, माझी भावजय गेली, आणि अप्पाला तर ती लेकीहून जवळची होती. मसणवट्यात सगळ्या गावासमोर तू अप्पाला म्हणलास, "तुमच्या मुशीनं मारली तिला." आणि अंगावरच्या कापडावर हैदराबादला निघून गेलास. मला तुझ्या बोलण्यापेक्षा अप्पाचं नवल वाटतं. जो माणूस दुसऱ्याचं वाकडं एक अक्षर ऐकून घेत न्हाई, तो त्या दिवशी खाली मान घालून उभा राहिला आणि आजपर्यंत उभाच हाय.

छाती पार गेलीय त्यांची. हुमनाबादचे डॉक्टर म्हणले, इतक्या वर्षांचा भट्टीचा धूर आत बसलाय, पुढचा पावसाळा बघतील का सांगता येत न्हाई. मला आडवळणानं बोलता येत न्हाई, सरळ लिहिते. बाप जायच्या आत एकदा ये. यायचं न्हाई तर निदान आकडे पाठव.

तू मान नाहीतर नको मानू, तुझीच
दीपाअक्का


११ नोव्हेंबर

व्यंकट,

कागद आला तुझा. वर लॅबचा शिक्का, खाली आकडे, संपलं. मी पाकीट उलटं करून झटकलं, म्हणलं एखादी ओळ आत चिकटून राहिली असंल. काही पडलं न्हाई. बापानं इतक्या दिवसांनी हात घातलेल्या धातूला 'ताणात कमी, आत वायूची छिद्रे' असं लिहिताना तू एकदा बी अडखळला न्हाईस का रं?

पण गंमत सांगू? अप्पा खूश झाले. चष्मा पुसून पुसून तो कागद वाचला आणि म्हणले, "बरोबर हाय. कोळसा ओला होता, मूस बी नीट तापवली न्हाई. भोकं पडणारच. पोराचं मशीन खोटं बोलत न्हाई." आणि मग राघोबाला शिव्या घातल्या, म्हणजे तब्येत जरा बरी हाय असं समज.

आता दुसरी कांडी पाठवायलेय. ह्या खेपेला कोळसा उन्हात वाळवला. तांबं नवं आणलं, कथील नवं आणलं, भंगाराचा एक कण घातला न्हाई. रस झाल्यावर शेवटाला फॉस्फर-तांबं टाकलं, त्यानं आतली घाण वर येते हे तूच शिकवलं होतंस. आणि वाळूचा साचा सोडून लोखंडी साच्यात ओतलं. लोखंडात रस झटकन थिजतो, दाणा बारीक बसतो, ताकद वाढते. हे बी तुझंच. तू हे बोलायचास तवा अप्पा म्हणायचे, पुस्तकातनं भट्टी पेटत न्हाई. आता ते सगळं स्वतःचंच असल्यासारखं मला सांगायलेत आणि मी मान डोलवायलेय.

गावात मात्र एक कटकट झालीय. रीत तुला माहीतच हाय. रथाचा बुश ओतायचा तर प्रत्येक घरानं आपल्याकडचा धातूचा तुकडा मुशीत टाकायचा. कुणी काशाची फुटकी वाटी, कुणी समई, कुणी सासूच्या हातचा तांब्या. सगळ्यांचा धातू असला तर रथ सगळ्यांचा. हणमंतप्पानं परत तेच काढलं. अप्पा म्हणले, "ह्या खेपेला एक कण पडणार न्हाई." तो म्हणला, मग तो बुश गावाचा कसा? वाद चढला. मागच्या बुशाला अप्पानं प्रत्येक तुकडा कानशीनं घासून, वाजवून घेतला होता, निम्मं परत पाठवलं होतं, आणि तरी ते झालं. म्हणून लोक बी मनातल्या मनात भितात, पण रीत सोडवत न्हाई. शेवटी अप्पाच म्हणले, "आणा तुमची भांडी. त्याची घंटा ओततो, रथाला बांधा. घंटा फुटली तर आवाज जाईल, माणूस जाणार न्हाई." एवढं बोलले आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

आणखी एक. विजू गेल्यापासून पहिल्यांदाच ह्या दिवाळीला तिची फळी आवरली, तर तुमच्या लेकराची, माउलीची वाटी दिसली न्हाई. ती जर्मनची रं, गाणगापूरच्या दुकानातली. दत्ताच्या दर्शनाला गेलो आणि लेकरानं ती जी छातीशी धरली ती सोडायलाच तयार न्हाई. ओताऱ्याच्या घरात ॲल्युमिनियमची वाटी म्हणून अप्पा किती हसले होते. मऊ भात त्यातच खायचा माउली, दुसऱ्या भांड्यात घातला की थुंकायचा. तो तापात गेला त्यानंतर विजू ती रोज घासून पालथी घालायची. जाताना खिशात घालून हैदराबादला तू नेलीस का? नेली असलीस तर राहू दे, फक्त कळव.

दीपाअक्का


१ जानेवारी २०२५

व्यंकट बाबा,

बाबा लिहिलं, कारण ह्या खेपेला तू आकड्यांखाली दोन ओळी लिहिल्यास. 'फार कडक झाले. आस झिजेल. कथील थोडे कमी करा, किंचित शिसे, निकेल घालून बघा.' लोक लेकाची पत्रं जपून ठेवतात, आमच्या अप्पानं ही शिशाची आणि कथिलाची चिठ्ठी उशाखाली ठेवलीय. हसावं का रडावं मला कळंना.

मला आधी तुझाच राग आला. म्हणलं आधी म्हणतोस कच्ची, मग म्हणतोस कडक, ह्याला चांगलं म्हणायचंच न्हाई. पण अप्पानं मला समजावलं. बुश नुसता टणक करायचा तर काय, कथील वाढवत जा. पण त्यात फिरतो तो लोखंडी आस. बुश आसाहून हट्टी झाला तर आसालाच खातो. बुश दर काही वर्षांनी बदलता येतो, आस गेला तर चाकच गेलं. म्हणून बुश मजबूत पाहिजे, फुटता कामा नये, पण झिजायचं त्यानंच. "बुशानं झिजायचं, दीपा. त्याचं कामच ते," असं म्हणले आणि खोकला लागला.

येळवसच्या अमावस्येला त्यांना गाडीत घालून शेतात नेलं. आंब्याखाली कडब्याची कोपी केली होती. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं केलं. माठातली आंबील तू चोरून प्यायचास आणि विजूवर ढकलायचास, ते आठवलं. चिंताकी गावची पोर ती, घरात तेलुगू-कानडी बोलणारी, पहिल्या येळवसला 'उंडे' म्हणताना अडखळायची आणि तू खदाखदा हसायचास. अप्पानं एक घास भज्जी खाल्ली आणि रस्त्याकडं बघत बसले. दर एस.टी.ला बघत होते. मी म्हणलं, अप्पा तो यायचा न्हाई. म्हणले, "मी कुठं त्याला बघायलोय, मी गाड्या बघायलोय."

आता खरं काम. त्यांना गाडीत घालताना खाट सरकवली तर खाली गाठोडं मिळालं. सोडून बघते तर तोच फुटका बुश. त्याच दिवसाचा. चार तुकडे, अजून तेलकट. मी तर हादरलेच. एवढी वर्षं त्याच्यावर झोपत होता हा माणूस! मी म्हणलं हे मोडीत घालते, तर असे ओरडले की शेजारची चंद्रम्मा धावत आली. "हात लावू नको त्याला." बास, एवढंच.

मी हात लावला. एक तुकडा काढून घेतला आणि नव्या कांडीसोबत तुला पाठवायलेय. अप्पाला माहीत न्हाई. हा बी तपास. त्या दिवशी नेमकं काय चुकलं ते एकदा कागदावर येऊ दे. अप्पाचा हात चुकला असंल तर तसं लिही, मी ऐकून घेईन. पण चुकला नसंल तर तू मसणवट्यात बोललास ते परत घे. माझं एवढंच म्हणणं हाय.

अक्का


१२ फेब्रुवारी

व्यंकट,

नव्या कांडीपुढं तू 'चालेल' लिहिलंस. ताण भरपूर, झीज कमी, आस बी राखेल. अप्पाला वाचून दाखवलं तर म्हणले "परत वाच," परत वाचलं तर म्हणले "आता हळू वाच." मेल्या, त्या एका शब्दानं म्हातारा दोन भाकरी जेवला.

पण फुटक्या तुकड्यापुढं तू नुसती रेघ मारलीस. रेघ म्हणजे काय? मशीन बंद होतं? का काही निघालं न्हाई? का निघालं ते मला सांगायचं न्हाई? मी रागारागात तो कागद घेऊन सरळ अप्पाकडं गेले आणि म्हणलं, तुमच्या गाठोड्यातला तुकडा मी व्यंकटला पाठवला होता, त्यानं रेघ मारलीय, आता तुमीच सांगा.

अप्पाचं तोंड पांढरं पडलं. म्हणले, "त्याच्याकडं पाठवलास? दीपा, काय केलंस हे?" आणि रडायला लागले. आई गेली तवा बी मी त्यांना असं रडताना बघितलं न्हाई. मग त्यांनी मला सांगितलं. सगळं सांगितलं. आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली की हे व्यंकटला कळता कामा नये.

तर आता माझं ऐक. त्या तुकड्याचा नाद सोड. भंगारात काहीतरी गेलं असंल, एवढ्या घरांची भांडी, कुणाचं काय कळतं. अप्पाची चूक होती असंच समज. त्यांची तशीच इच्छा हाय, मग मी कोण मधी पडणारी. मागच्या पत्रात मी भांडले ते माझ्या अंगात येतं तसं आलं होतं.

आणि माउलीची वाटी शोधू नको. मी उगीच लिहिलं. असंल कुठंतरी.

बुश पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ओतायचे ठरलेत. ये.

अक्का


१६ मार्च

माझ्या लेका,

तुझं पत्र आलं. पत्र, कागद न्हाई. वाचून मी भट्टीमागं जाऊन बसले. राघोबा दोनदा हाक मारून गेला, तरी उठले न्हाई.

तू लिहिलंस ते मी परत लिहिते, म्हणजे मला नीट समजलं का ते तुला कळंल. 'अक्का, तुकड्यात ॲल्युमिनियम निघाले. तपासायच्या आधीच मला माहीत होते. बुश ओतायच्या दिवशी विजू म्हणाली, सगळी घरं आपल्या जिवाचं काहीतरी टाकायलीत, माउलीचंही देवाच्या चाकात जाऊ दे. तिचा हात फळीला पुरत नव्हता. वाटी मीच काढून तिच्या हातात दिली. काशात जर्मन पडलं की काय होतं हे या गावात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मला वाटलं एवढीशी वाटी, एवढ्या मोठ्या मुशीत काय होतंय. आणि तिला नाही म्हणायचं माझ्या तोंडातून आलं नाही. मग मसणवट्यात मी अप्पांवर ओरडलो.'

व्यंकट, व्यंकट. हे एकट्यानं घेऊन तू तिथं राहायलास? भाड्याच्या खोलीत? आणि मी तुला दगड म्हणत होते.

आता शपथ मोडते. देव मला काय करायचं ते करो. अप्पानं बी बघितलं होतं. विजू पदराखाली हात धरून भट्टीपाशी आली, अप्पानं सांडशी खाली ठेवली. तिनं पदर बाजूला केला. म्हणली, "अप्पा, माउलीचं." अप्पा म्हणाले, ज्या हातानं मी आख्ख्या गावाची भांडी परत पाठवली, तो हात तिच्यापुढं उठला न्हाई. त्यांनी बी तेच मनाशी म्हणलं, एवढीशी वाटी. ती मुशीत पडली आणि वर एक पांढरी साय आली, ती त्यांनी पळीनं काढली आणि समजले की निघालं. निघत नसतं ते. रसात आत पातळ पापुद्रे होऊन बसतं, बुश वरून चकचकीत दिसतो आणि आतून चिकटलेलाच नसतो.

बुश फुटला तवाच अप्पाला कळलं. पण ते कुणाला सांगणार? की माझ्या सुनेनं लेकराची वाटी टाकली आणि त्यानंच ती गेली? गावानं तिला मेल्यावर बी सोडलं नसतं. आणि तुला कळलं तर तुझं काय, ही त्यांना धास्ती. म्हणून आजपर्यंत सगळ्या गावाची बोटं स्वतःकडं घेऊन बसलेत. तुझं बी घेतलं. तू त्यांच्यापासून लपवलंस, ते तुझ्यापासून लपवायलेत, आणि मी शहाणी दोघांवर चिडत बसले.

मी अप्पाला तुझं पत्र दाखवलं न्हाई. हे तुझ्या तोंडून जायला पाहिजे. त्यांचा आवाज आता बारीक झालाय, जवळ बसावं लागतं. ये आणि जवळ बस. माफी-बिफी मागू नको, ते जमत न्हाई आपल्या घरात कुणाला. नुसतं सांग की अप्पा, मला माहीत होतं. ते वाट बघायलेत, आणि आता गाड्या बघतो असं बी म्हणत न्हाईत.

तुझी अक्का


३ एप्रिल

व्यंकट,

तू आला न्हाईस. बुश ओतले. अप्पाला खुर्चीसकट उचलून भट्टीपुढं नेलं. रसाचा रंग बघून त्यांनी बोट वर केलं, तवा मी मूस उचलली. फॉस्फर-तांबं त्यांनी स्वतः टाकलं, हात धरावा लागला. चारी बुश स्वच्छ निघाले. गावाच्या भांड्यांची घंटा बी ओतली. हणमंतप्पानं ती वाजवली आणि डोळे पुसले.

संध्याकाळी अप्पानं विचारलं, "त्याला सुट्टी न्हाई का?" मला राहवलं न्हाई रं. तुझं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. वाटी तू काढून दिलीस तिथपर्यंत आले आणि कागद खाली ठेवला.

त्यावर ते जे बोलले ते मी इथं लिहिणार न्हाई. ते त्यांच्या तोंडून ऐक. आता तरी निघ. पत्र हातात पडलं की तसाच निघ, अंघोळीला थांबू नको.

अक्का


२७ एप्रिल

व्यंकट राजा,

तेरावा करून तू गेलास आणि घर एवढं मोठं झालं की बोललं की आवाज घुमतो. तू होतास तवा मला हे बोलता आलं न्हाई. लोक होते, सुतक होतं, आणि तुझं तोंड बघितलं की शब्द मागं जायचा. पत्रात मला जमतं, तुला माहीतच झालंय.

तू आलास त्या दिवशी अप्पाची वाचा जाऊन एक रात्र झाली होती. एक रात्र रं. मी तुला लिहिलं होतं की त्यांच्या तोंडून ऐक, आणि ते तोंडच मिटलं. मी तवाच लिहायला पाहिजे होतं. हे मला जन्मभर लागणार हाय. तू त्यांच्या कानाशी वाकून जे बोललास ते मी दारातून ऐकलं. त्यांनी उशाखालून नव्या बुशाच्या रसातली जपून ठेवलेली कांडी काढली, अंगठा फिरवला आणि तुझ्या हातात दिली. तू मला विचारलंस, "अक्का, त्यांना कळलं का मी काय म्हणलो?" मी म्हणलं, कळलं असंल.

कळायचं काय त्यात? त्यांना आधीपासून माहीत होतं. तुझं पत्र वाचलं त्या संध्याकाळी ते काय म्हणाले ते आता लिहिते. म्हणाले, "मला ठाव हाय. तो फळीवरून वाटी काढायला लागला तवा मी दारातच उभा होतो."

मी म्हणलं, अप्पा, मग मसणवट्यात त्यानं तुमाला तसं बोललं तवा गप्प का राहिलात? त्यानंच दिली होती ना? एकदा म्हणायचं की.

तर म्हणाले, "माझ्यावर राग धरून तो जगला असता. स्वतःवर धरून जगला नसता. मला काय, मी म्हातारा."

एवढंच. मग पाणी मागितलं आणि तुझी गाडी कितीला येते ते विचारलं.

तू लहान असताना ताप आला की अप्पाच्याच पोटावर झोपायचास. मला हेवा वाटायचा. मरायला टेकलेल्या माणसाचा बी हेवा वाटतो का रं? मला त्या संध्याकाळी तुमा दोघांचा वाटला.

जत्रेचं तू डोळ्यानं बघितलंस, पण तू खाली बघून चालत होतास म्हणून सांगते. चाकाला पहिलं तेल ओताऱ्याच्या घरचं, ही रीत. आपल्याला सुतक, म्हणून मी बाजूला उभी होते. हणमंतप्पा गुडघे धरत आला आणि सगळ्यांसमोर तुला म्हणला, "चाक ज्यानं केलं त्याचं सुतक हणमप्पाला न्हाई. घाल तेल." तू तेल घातलंस आणि मग चाकाच्या बाजूनं, तुंब्यावर तळहात ठेवून, पार वेशीपर्यंत चाललास. वळणावर दोर ओढणारे आपोआप थांबले. कुणी सांगितलं न्हाई. नुसती घंटा वाजत होती. तू विजू उभी होती त्या जागेकडं बघितलंस आणि मग तूच म्हणलास, "ओढा." चाक कुरकुरलं बी न्हाई. रथ जाग्यावर आला तवा राघोबानं बुशाला हात लावून बघितला, कोमट सुद्धा नव्हता. अप्पा असते तर म्हणले असते, आता उतरा खाली आणि चहा प्या.

काल खाटेखालचं गाठोडं परत सोडलं. मला वाटायचं, अप्पानं ते स्वतःला टोचून घ्यायला ठेवलंय. मसणवट्यातल्या बोलण्याची आठवण म्हणून. म्हणून मोडीत घालायला निघाले. मूस बी तापत ठेवली होती. तुकडा हातात घेतला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तू जाताना दारात म्हणला होतास ना, माउलीचं घरात काहीच उरलं न्हाई, झबलं सुद्धा न्हाई? अरे, उरलंय की. त्याची वाटी ह्या तुकड्यांतच हाय. मोडीत घालू नको म्हणून तर ओरडले होते ते.

मी भट्टी विझवली. माझ्या वाटणीचे दोन तुकडे घासून फळीवर ठेवलेत, वाटीच्या जागेवर. तू तपासायला घेतलेला तुकडा लॅबनं कापला असंल, म्हणून तिसरा, सगळ्यांत मोठा, तुझ्यासाठी पाठवायलेय. अप्पाच्या गाठोड्याच्याच फडक्यात बांधलाय. ह्याची परीक्षा करू नको. नुसता जवळ ठेव.

पावसाळ्याआधी घरी ये. ह्या खेपेला मी गाड्या बघणार हाय.

तुझी
दीपाअक्का